आईच्या तोंडची गोष्ट



प्रभू येशू दाखल्यांतून शिकवी. पेरणारा, मेंढपाळ, हरवलेले नाणे शोधणारी बाई, सारी ऐकणाऱ्यांच्या ओळखीची माणसे. दुखावलेल्या मनापर्यंतही अशीच ओळखीची गोष्ट पोहोचते. अमेरिकेतील लॅटिनो कुटुंबांचा अनुभव आज पाहू या. मेक्सिको, ग्वाटेमाला, एल साल्वादोर येथून पोटासाठी गेलेली ही माणसे. त्यांतील पुष्कळ आपल्याच कॅथलिक श्रद्धेची.

परक्या मुलखात काम मिळते, पण मन आजारी पडले तर सांगायचे कोणाला? डॉक्टरांची भाषा इंग्रजी, आईची स्पॅनिश. दुभाषी म्हणून कधी तिचाच लहान मुलगा मध्ये उभा. त्याच्यादेखत ती काय बोलणार? कागदपत्रे नसतील तर दवाखान्याची पायरी चढायचीही भीती. मग तोंडून 'नेर्व्हिओस' एवढाच शब्द निघतो. आपण 'जिवाला बरं नाही' म्हणतो, तसाच तो.

न्यूयॉर्कमध्ये ज्युसेप्पे कोस्तांतिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्युएर्तो रिकन मुलांसाठी वेगळी वाट धरली. (हे लोक कायद्याने अमेरिकेचेच नागरिक, तरी महानगरात परके.) 'क्युएन्तो' म्हणजे गोष्ट. बेटावरच्या लोककथा मुलांना वाचून दाखवायच्या, मग त्यांवर बोलायचे. काही कथांत तर गाव बदलून शहरातली वस्ती घातली. वाचायला उपचारतज्ज्ञांबरोबर मुलांच्या आयाही बसत. या मुलांची चिंताग्रस्तता कमी झाल्याचे त्यांनी 1986 साली प्रसिद्ध केले. आई शेजारी बसून वाचते, यातच अर्धे औषध असावे असे आम्हांला वाटते.

पुढे कॅलिफोर्नियात नैराश्यावर 'फोटोनोव्हेला' निघाली, म्हणजे छायाचित्रे व संवाद असलेली छोटी पुस्तिका, टीव्हीवरच्या मालिकेसारखी रंगतदार. 'मी आजारी आहे' म्हणणे जड जाते. 'हिचं माझ्यासारखंच झालंय' हे सहज निघते. तिथून डॉक्टरकडे जाणे थोडे सोपे होते.

अशा बाईला 'रोझरी म्हण, बरी होशील' एवढेच सांगून परत पाठवणे आम्हांला भक्तीचे लक्षण वाटत नाही. रोझरी हवी, डॉक्टरही हवा. परदेशी गेलेल्या आपल्या मुलाबाळांकडूनही फोनवर 'सगळं बरं आहे' एवढेच कधी कधी ऐकू येते ना?

अम्माऊसच्या वाटेवर दोघे शिष्य खिन्न होऊन चालले होते. काय घडले ते प्रभूला ठाऊक होते. तरी त्याने त्यांना विचारले, आणि त्यांची सारी हकिगत सांगून होईपर्यंत उपदेशाचा एक शब्द काढला नाही.