बापाचा पक्ष व पुत्राचे मत
(१ शमुवेल, अध्याय २०)

राज्य आपल्या घराण्यात राहावे म्हणून शौलाने दावीदाला मारावयाचे ठरविले. परंतु त्याचाच पुत्र योनाथान दावीदाच्या बाजूचा झाला. संतापाने बापाने त्याजवर भाला फेकिला. तरी योनाथानाने बापास सोडिले नाही; गिलबोवाच्या डोंगरावर दोघे एकाच लढाईत पडले.

सापगावासारख्या आपल्या गावांत निवडणूक आली की हाच भाला घरोघर उगारला जातो. बाप म्हणतो, "या घराची सर्व मते एकाच चिन्हाला." सत्य कळल्यावर ज्यांनी स्वतः वडिलोपार्जित मार्ग सोडिला, त्यांनी पुत्रास असे म्हणावे काय? १९८९ पासून अठरा वर्षे पुरी झाली की मताचा अधिकार आहे. आणि मत गुप्त आहे, ते बापापासूनही.

१९६० साली बारामतीच्या लोकसभा पोटनिवडणुकीत वसंतराव पवार शेतकरी कामगार पक्षातर्फे उभे होते. मातोश्री शारदाबाई त्याच पक्षाच्या. धाकटे बंधू शरदराव मात्र काँग्रेसचा प्रचार करीत फिरले, आणि घरच्यांनी त्यांस अडविले नाही. इतके औदार्य आपल्या मंडळीत दिसेल काय?

तरुणांनो, मोबाइलवर चार ओळी वाचून बापास अडाणी म्हणणे हे योनाथानाचे काम नव्हे. मत वेगळे द्या, पण आवणीस बापाबरोबरच उतरा.

उपदेशक बंधूंनो, असे भांडण तुम्हांकडे आले तर बापलेकांस हा अध्याय एकत्र बसवून वाचून दाखवा. चिन्हाविषयी मात्र आपण काही बोलू नये.