आडनाव सांगण्याआधी

मनमाड जंक्शनवर गाडी बदलणाऱ्याला वेळच वेळ असतो. मागच्या पावसाळ्यात फलाटावर शेजारी बसलेल्या एका तरुणाशी गप्पा रंगल्या. नवी नोकरी लागलेली, परक्या गावात खोलीचा शोध चाललेला. मी सवयीने विचारलं, "आडनाव काय तुमचं?" तो किंचित थांबला, मग एक आडनाव सांगितलं. ते खरं होतं की नाही, मला ठाऊक नाही. पण त्याचं ते थांबणं गाडीत बसल्यावरही डोक्यातून जाईना.

बाबूराव बागूल आठवले. 1930 साली विहितगावला, म्हणजे याच नाशिक जिल्ह्यात जन्मलेला हा लेखक सुरतेला रेल्वेत नोकरी करत होता. भाड्याची खोली मिळावी म्हणून त्याला जात लपवावी लागली. 1963 साली 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. शीर्षककथेतला निवेदकही रेल्वे कामगार. त्याचं बिंग फुटतं, मार बसतो. सोडवायला येतो तो जात न लपवणारा काशीनाथ. मी दर वेळी शीर्षकातल्या क्रियापदापाशी अडखळतो. लपवली नाही, चोरली. चोरी तर दुसऱ्याच्या वस्तूची होते. म्हणजे त्याच्या जातीची मालकी विचारणाऱ्यांकडे होती, आणि त्याने त्यांचाच ऐवज पळवला!

कांटने 1797 सालच्या एका निबंधात म्हटलं आहे, की तुमच्या घरात लपलेल्या मित्राचा ठावठिकाणा खुनी दाराशी येऊन विचारू लागला, तरी खोटं बोलायचा हक्क तुम्हाला नाही. कारण खोट्याने शब्दावरचा विश्वासच ढासळतो. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण कांटच्या माणसाला निदान स्वतःचं घर आहे. बागूलांचा माणूस दाराबाहेर उभा आहे आणि प्रश्न घराच्या आतून येतो आहे. तिथे ढासळायला विश्वास मुळात होता कुठे?

बरं, खरं बोलणाऱ्याचं काय होतं? छांदोग्य उपनिषदातल्या सत्यकाम जाबालाने गुरूला सांगितलं, की माझं गोत्र आईलाही ठाऊक नाही. गुरूने त्याला पदरात घेतलं, पण इतकं खरं ब्राह्मणाखेरीज कोण बोलेल, असं म्हणून. खरेपणालाच जात लावली. ही गोष्ट आम्हाला शाळेत सत्याचा महिमा म्हणून शिकवली होती.

याच मनमाडला फेब्रुवारी 1938 मध्ये जी.आय.पी. रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे डॉ. आंबेडकरांनी तिथेच सांगितलं. त्या भाषणातला एक तपशील कमी आठवला जातो: अस्पृश्याला गँगमन म्हणून घेतात, पोर्टर म्हणून नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामंही करावी लागतात. रूळ सांभाळायला चालतो, उंबऱ्याच्या आत चालत नाही. पंचवीस वर्षांनी आलेली बागूलांची कथा त्याच उंबऱ्याशी उभी आहे.

लेखक खोटं रचून खरं सांगतो, असं आपण कौतुकाने म्हणतो. इथे मला ते कौतुक जरा स्वस्त वाटतं. जे कागदावर सांगता आलं ते खोलीच्या दारात सांगता आलं नव्हतं, आणि कथा कितीही मोठी झाली तरी ती खोली काही परत मिळत नाही.

माझ्या प्रश्नात वाईट हेतू नव्हता, असं लिहायचा मोह होतो आहे. पण आडनाव कळून मी करणार काय होतो? मनातल्या कुठल्याशा कप्प्यात त्याला बसवणार होतो, बस. त्याने मला उलट विचारलं नाही. माझं आडनाव मी त्याला आधीच, कोणी न विचारता, सांगून टाकलं होतं.