नेम धरणाऱ्याची नजर

युद्धाविषयीचा एक प्रश्न आज आपण स्वतःला विचारून पाहू. एक सैनिक बंदुकीवरच्या दुर्बिणीतून शत्रूचा चेहरा नीट न्याहाळतो आणि एकच गोळी झाडून त्याला ठार करतो. दुसरा सैनिक कोणाचाही चेहरा न पाहता तोफ डागतो आणि दहाजण मरतात. या दोघांत अधिक क्रूर कोण? आपल्यापैकी बहुतेकांना पहिल्याचीच अधिक चीड येईल. एक मेला की दहा, हा हिशेब आपले मन करीत नाही. चेहरा पाहून मारले, हे त्याला खुपते. मनाचा हा कौल कितपत बरोबर आहे?

अशा नेमबाज सैनिकाला 'स्नायपर' म्हणतात. या शब्दाचे मूळ आपल्याच देशात आहे. पाणथळ जागी वावरणाऱ्या पाणलावा या पक्ष्याचे इंग्रजी नाव 'स्नाइप'. तो वेडावाकडा उडतो, म्हणून त्याला टिपणे अवघड. अठराव्या शतकात हिंदुस्थानातील इंग्रज अधिकारी त्याच्या शिकारीला जात. पुढे शिकारीचा हा शब्द माणसे टिपणाऱ्यांना लागू झाला.

स्नायपर बहुधा जोडीने काम करतो. एकजण बंदूक धरतो, दुसरा अंतर आणि वाऱ्याचा अंदाज सांगतो. अंगावर गवत, पालापाचोळा, चिंध्या लावून ते तासन्‌तास निश्चल पडून राहतात. दूर जाणारी गोळी खाली झुकते, वाऱ्याने बाजूला सरकते. हे सारे गणित मांडून मगच चाप ओढायचा. म्हणजे या कामात रागाच्या भरात काही होत नाही. विचार करायला भरपूर वेळ असतो.

युद्धाचे कायदे लपून बसण्याला मनाई करीत नाहीत. पांढरे निशाण दाखवून दगा देण्याला मनाई आहे. जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पुरवणी करारानुसार नागरिकांवर, शरण आलेल्यांवर आणि जखमी होऊन लढाईतून बाद झालेल्यांवर हल्ला करता येत नाही. समोरची व्यक्ती सैनिक की नागरिक अशी शंका असेल, तर तिला नागरिकच समजायचे. हा नियम तोफेपेक्षा स्नायपर अधिक काटेकोरपणे पाळू शकतो. तोफेचा गोळा घर आणि छावणी यांत फरक करीत नाही, स्नायपरला तो करता येतो. तेव्हा केवळ स्नायपर आहे म्हणून कोणाला खुनी ठरवणे अन्यायाचे होईल.

पण जो फरक करू शकतो, त्याने तो केलाच नाही तर? बोस्नियाची राजधानी सारायेव्हो हिला १९९२ ते १९९६ अशी जवळजवळ चार वर्षे बोस्नियन सर्ब सैन्याचा वेढा होता. भोवतीच्या टेकड्यांवर आणि उंच इमारतींत स्नायपर दबा धरून बसत. शहरातला मुख्य रस्ता 'स्नायपरांची गल्ली' म्हणून जगभर कुप्रसिद्ध झाला. चौकाचौकांत 'सावधान, स्नायपर' अशा पाट्या लागल्या. डोब्रिन्या नदीवर पाणी भरायला गेलेली एक स्त्री अशाच गोळीने मरण पावली. पाण्याचे भांडे आणि बंदूक यांतला फरक दुर्बिणीतून दिसत नाही काय? पुढे हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तिथले सेनापती स्तानिस्लाव्ह गालिच यांना नागरिकांवरील गोळीबार आणि तोफमाऱ्याबद्दल दोषी ठरवले. २००३ साली वीस वर्षांची शिक्षा झाली, २००६ साली अपिलात ती जन्मठेप झाली.

याच्या उलट उदाहरण लेखक जॉर्ज ऑर्वेल यांचे. स्पेनच्या यादवी युद्धात ते वेस्का शहराबाहेर शत्रूवर नेम धरून बसले होते. समोरच्या खंदकातून एक सैनिक निघाला आणि अर्धवट कपड्यांत, दोन्ही हातांनी सुटती पँट सावरत धावू लागला. ऑर्वेल यांनी गोळी झाडली नाही. आपला नेम तसा बेताचाच होता, हे त्यांनी नंतर लिहून टाकले. पण पँट सावरणारा तो माणूस त्यांना आपल्यासारखाच वाटला, हेही लिहिले. पुढे मे १९३७ मध्ये एका स्नायपरची गोळी त्यांच्याच गळ्यातून आरपार गेली. ते कसेबसे वाचले.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. आम्हांला वाटते, मनाचा तो कौल अर्धाच खरा आहे. पाहणे हा दोष नव्हे. पण जो स्पष्ट पाहतो, त्याला 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणता येत नाही. 'वरून हुकूम होता' असे म्हणूनही त्याची सुटका नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली देशाचे रक्षण करणाऱ्या सैनिकाच्या सेवेचा मान राखला, आणि त्याच दस्तऐवजात हेही बजावले की अधर्म्य हुकूम आंधळेपणाने पाळणाऱ्याला आज्ञापालनाची सबब चालणार नाही.

आपल्यापैकी फार थोड्यांच्या हाती बंदूक येईल. पण दुर्बीण आज आपल्या सर्वांच्या खिशात आहे. २०२२ पासून पेटलेल्या युक्रेनच्या युद्धात ड्रोनच्या कॅमेऱ्याने टिपलेली माणसांची अखेरची धडपड आपल्या मोबाइलवर येते. आपण ती पाहतो, कधी हसतो, आणि पुढे पाठवून देतो. तो जीव वाचवायला धावणारा कोणाचा तरी मुलगा आहे, हे आपल्याला स्पष्ट दिसत असते. मग पाहण्याची जबाबदारी आपल्यालाही चुकत नाही.

असे चित्र पुन्हा आले, तर ते पुढे न पाठवता क्षणभर थांबू या. आणि आजच्या मिस्सात शांतीसाठी प्रार्थना करताना दोघांची आठवण ठेवू या: ज्याच्यावर नेम धरला आहे त्याची, आणि ज्याचे बोट चापावर आहे त्याचीही.