वर्ग एवढा शांत का झाला?

वाई, रविवार

चि. मुक्ता,


तुझा फोटो मिळाला. अंधारलेली खोली, भिंतीवर समुद्र आणि त्या निळ्या उजेडात तुझी चिमुकली मंडळी. बघून डोळे भरून आले गं. धडगावसारख्या ठिकाणी, सातपुड्याच्या कुशीत, माझ्या भाचीनं वर्गात समुद्र आणला! पण खाली तू लिहिलंयस, "आत्या, प्रोजेक्टर लावला की वर्ग अगदी शांत होतो." तिथे मी थबकले. तेहतीस वर्षं पोरांत काढली आहेत मी. वर्ग फार शांत झाला की माझ्या मनात पाल चुकचुकते.

1984 साली पुण्यात शाळेच्या मुलांसाठी टीव्हीचे कार्यक्रम करणारी बालचित्रवाणी सुरू झाली, तेव्हा मी तुझ्याएवढीच होते. पुढे आमच्या शाळेतही टीव्ही आला. कार्यक्रम लागला की मुलं गुपचूप बघायची आणि मी मागे बसून हजेरीपट पुरा करायची. एकदा बी कसं रुजतं ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर पोरांनी सांगणाऱ्या काकांच्या मिशा हुबेहूब वर्णन करून दाखवल्या. बियाचं मात्र कुणालाच सांगता येईना. चूक पोरांची नव्हती. माझी होती.

पुढच्या वर्षी तोच भाग पुन्हा लागणार होता. या वेळी आधीच प्रत्येकाला ओल्या फडक्यात चार वाल बांधायला लावले आणि पाटीवर चित्र काढायला सांगितलं, आधी काय बाहेर येईल, मूळ की कोंब? वर्गात दोन तट पडले. कार्यक्रम लागला तेव्हा असा गलका झाला, की शेजारच्या वर्गातले गुरुजी दार ठोठावायला आले. ते मूळ आजही कुणी विसरलं नसेल.

म्हणून सांगते पोरी, आधी अंदाज, मग पडदा. समुद्र दाखवण्याआधी विचार, नर्मदेचं अडवलेलं पाणी तुम्ही पाहिलंय, समुद्र त्याच्यापेक्षा केवढा असेल? पाणी चवीला कसं असेल? तू थांबव, मागे ने, पुन्हा विचार. व्हिडिओ तीन मिनिटांचा असला तरी तास त्यातच जाऊ दे.

कोलोरॅडो विद्यापीठाची ती 'फेट' नावाची खेळणी तू मागे दाखवली होतीस ना, तारा जोडून दिवा लावायची? मराठीत आहेत, एकदा उतरवून घेतली की नेटशिवायही चालतात, हे ऐकून मला फार बरं वाटलं. तिथे चुकीची तार जोडली तरी काही बिघडत नाही, मुलाला दहादा चुकता येतं. पण आधी खरा सेल आणि खरा बल्ब हातात दे हं. तार बोटाला लागू दे, बल्ब न पेटल्याची चुटपुट लागू दे. मग पडद्यावरचा दिवा त्यांना आपला वाटेल.

दुसरी काळजी भाषेची. तुझी मुलं घरी पावरी बोलतात आणि व्हिडिओतली बाई पुणेरी मराठीत भरभर सांगते. मग तो वर्ग गोडीनं शांत होतो की न कळल्यामुळे, हे तूच जवळ बसून बघायला हवं. परितेवाडीच्या डिसले गुरुजींना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेव्हा सगळीकडे क्यूआर कोडचंच कौतुक झालं. तिथल्या मुलांची घरची भाषा कानडी होती आणि गुरुजींनी पुस्तकातला मजकूर त्या भाषेत आणला, असं तेव्हा वाचलं; ते मला त्याहून मोठं वाटतं. तूही व्हिडिओचा आवाज बंद कर आणि एखाद्या मोठ्या मुलीला पावरीत सांगायला लाव. एखाद्या आजीला शाळेत बोलावून बियाण्यांची नावं मोबाइलवर रेकॉर्ड कर. ते पाठ कुठल्याच ॲपमध्ये मिळायचे नाहीत.

शाळेतले टॅब कपाटात ठेवू नकोस. सरकारच्या खडू-फळा मोहिमेत आमच्याकडे विज्ञानाची पेटी आली होती. काही फुटलं तर डेडस्टॉक रजिस्टरला काय लिहायचं, या भीतीनं ती वर्षानुवर्षं कुलपातच राहिली. मुलांच्या हातून एखादा टॅब फुटला, तर मुख्याध्यापकांना मी स्वतः पत्र लिहीन. मुलांचे चेहरे मात्र फेसबुकवर टाकू नकोस बाळा. मला फोटो पाठवलास तेवढा पुरे. त्यांच्या आईबापांना कुणी विचारलेलं नसतं.

इथे कृष्णेला पाणी चढलंय, ढोल्या गणपतीपाशी रोज बघ्यांची गर्दी असते. तुझ्या आईचे गुडघे पुन्हा धरलेत, पण ती कुणाला सांगत नाही. तू फोनवर आपणहून विचार. लिंबाचं लोणचं मुरलंय, कुणी तिकडे येणारं मिळालं की बरणी पाठवते. आपल्या वाईत घडलेला विश्वकोश आता नेटवर फुकट वाचता येतो, असं ग्रंथालयात समजलं. 1976 साली पहिला खंड आला, तेव्हा तो हाताळायलाही मला भीती वाटायची. तुझ्या मुलांना तो वाटेल तेव्हा उघडता येईल, या विचारानं परवा उगाचच आनंदात घरी आले.

रात्री दिवे गेले तर प्रोजेक्टरची बॅटरी चार्ज करायला एकटी दुसऱ्या पाड्यावर जात जाऊ नकोस. दुसऱ्या दिवशी वर्गात व्हिडिओऐवजी गोष्ट सांग, चालेल.

पुढच्या पत्रात समुद्राबद्दल पोरांनी काय काय अंदाज बांधले ते लिही. पावरीत बोलली असतील तर पावरीतच लिही, शेजारी अर्थ दे. मी वाट बघते आहे.

तुझी,
आत्या