सव्वा गुण

पुतणीची नवोदयला निवड झाल्याचं मला मार्च 2025 मध्ये कळलं. हिंजवडीच्या ऑफिसात एक कंटाळवाणी मीटिंग चालू होती. दादानं निकालाचा स्क्रीनशॉट पाठवला, तिच्या रोल नंबरभोवती लाल गोल काढून. मी टेबलाखालीच मूठ आवळली. पाच मिनिटांनी त्याचा फोन आला. पेढ्यांचं, गावाचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "पाठवू का नको, तू सांग. तुले जास्त समजते."

घरात पहिला इंजिनिअर झालो तेव्हापासून हे ‘तुले जास्त समजते’ माझ्या वाट्याला आलेलं आहे. मोटर कोणती घ्यावी, कर्जमाफीच्या यादीत नाव कुठे बघावं, बहुतेक वेळा मी गुगल करून उत्तर देतो. यावेळी गुगल करण्यासारखं काही नव्हतं. आणि दादाला माहीत नसलेली एक गोष्ट मला माहीत होती.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा. 1985-86 मध्ये दोन शाळांपासून प्रयोग सुरू झाला, त्यातली एक आपल्या अमरावतीची, दुसरी हरियाणातल्या झज्जरची. आमच्या जिल्ह्याची नवोदय शेगावला आहे. सहावीच्या वर्गात 80 जागा. 2011 च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाख 86 हजार आणि तालुके 13, म्हणजे तालुक्याला जेमतेम सहा मुलं. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, एक तृतीयांश मुलींच्या. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश, सगळं मोफत. परीक्षा पाचवीत एकदाच देता येते, पुन्हा संधी नाही. दोन तासांत 80 प्रश्न, 100 गुण. प्रत्येक बरोबर उत्तराला सव्वा गुण. ज्या वयात मुलं खडूचे तुकडे मोजून भांडतात, त्या वयात आम्ही त्यांना सव्वा गुणाचा हिशोब शिकवतो.

आमचं रोहिणखेड घाटाखालचं, मोताळा तालुक्यातलं. 1582 ची एक मशीद आणि बखरीत सापडतील अशा दोन लढाया सोडल्या, तर बाहेरच्या माणसानं मुद्दाम यावं असं फार काही नाही. कापूस, सोयाबीन, मका. पुतणी गावातल्या जिल्हा परिषद शाळेत होती. जून 2024 पासून मी तिला रोज संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉलवर शिकवायला लागलो. दादाचा फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला, मागे वहिनीच्या भाकरी थापण्याचा आवाज. आकृत्या, आरशातली प्रतिमा, लसावि-मसावि, उतारे. पहिल्याच आठवड्यात स्क्रीनच्या कडेला आणखी एक डोकं दिसायला लागलं. मागच्या गल्लीतली तिची मैत्रीण. एकाच वर्गातल्या, एकाच बाकावरच्या. तिचे आईवडील मजुरीला जातात, निंदणी, कापूस वेचणी, जे मिळेल ते. तीही मला काकाच म्हणायची.

ती मंद नव्हती. हे मी आज मुद्दाम लिहितोय, कारण तेव्हा मनातल्या मनात मी तो शब्द वापरला होता. ती फक्त हळू होती, आणि प्रत्येक गोष्टीला ‘पण काऊन?’ विचारायची. उत्तर बरोबर आलं तरी तिला ते का आलं हे हवं असायचं. एका संध्याकाळी दोन संख्यांचा गुणाकार म्हणजे त्यांच्या लसावि आणि मसाविचा गुणाकार, एवढ्या एका गोष्टीवर चाळीस मिनिटं गेली. पुतणीनं तोवर सूत्र पाठ करून वहीत मांजर काढलं होतं. मी आयटीतला माणूस, माझ्या डोक्यात लगेच हिशोब: चाळीस मिनिटांत पंधरा प्रश्न झाले असते.

ऑक्टोबरमध्ये मी वेळ बदलली. सातऐवजी नऊ. सांगितलं, ऑफिसचे कॉल असतात. आठवड्यातून दोन दिवस खरोखरच असायचे. पण रात्री नऊला कुणी आपली मुलगी दुसऱ्याच्या घरी पाठवत नाही, हेही मला पक्कं माहीत होतं. कुणी काही विचारलं नाही. कडेचं डोकं दिसेनासं झालं आणि आमचा अभ्यास छान वेगानं पुढे गेला.

18 जानेवारीला दोघींनी परीक्षा दिली. यादीत एकीचाच नंबर आला.

आता दादाच्या प्रश्नाकडे येतो. वहिनीचा विरोध साधा आणि सरळ होता. "दहा वर्साची पोर आहे, अजून वेणीबी मलेच घालून द्या लागते." त्यात कुणीतरी तिला सांगितलेलं, की नववीत काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात. ते खरंच आहे. हिंदी आणि बिगरहिंदी भागांत मुलांची देवाणघेवाण व्हावी, हा या शाळांच्या मूळ कल्पनेचाच भाग आहे. शाळेतल्या सरांना फोन केला तर ते खुश होते, भरभरून बोलले. मग थोडं थांबून म्हणाले, आता वर्गात बाकीच्यांना समजावून सांगणारं कुणी उरणार नाही. तक्रार म्हणून नाही, सहज म्हणाले. मला ते टोचलं, कारण 2023 मध्ये कमी पटाच्या शाळा बंद करून समूह शाळा करायची टूम निघाली तेव्हा इन्स्टाग्रामवर मी लांबलचक स्टोऱ्या टाकल्या होत्या. गावची शाळा गावाचीच राहिली पाहिजे वगैरे. हिंजवडीत बसून.

अ‍ॅडम स्विफ्ट नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाचं 2003 चं एक पुस्तक नेमकं माझ्यासारख्यांवर आहे: ‘हाऊ नॉट टु बी अ हिपोक्रिट’. निवडक मुलांच्या शाळा असूच नयेत, असं त्याचं मत. पण त्या आहेत, आणि तुमचं मूल तुमच्यासमोर आहे. मग काय करायचं? तो म्हणतो, जवळची साधी शाळा पुरेशी चांगली नसेल, तर मुलाला निवडक शाळेत घालण्यात दोष नाही. पुरेशी चांगली असूनही तुम्ही फक्त ‘आणखी चांगली’ शोधत असाल, तर मात्र उत्तर द्यावं लागेल. हा फरक वाचायला सोपा आहे. मी तो रोहिणखेडला लावून बघितला आणि अडकलो. आमची शाळा वाईट नव्हती. परीक्षेचे फॉर्म सरांनीच भरून घेतले, सराव त्यांनीच घेतला. पुढे मोताळ्याला शिकायला जायचं तरी मुलींना एस.टी.चा पास मोफत आहे. म्हणजे ‘पर्यायच नव्हता’ ही पळवाट माझ्यासाठी बंद होती.

आपल्याकडे हा प्रश्न फार आधी मांडला गेलाय. 1882 मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी सांगितलं, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो मूठभरांच्या उच्च शिक्षणावर. ते आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्याच निवेदनात शिष्यवृत्त्यांबद्दलही आहे. स्पर्धेनं शिष्यवृत्ती देणं वरवर न्याय्य दिसतं, पण ज्यांच्या घरात शिक्षणाची गोडी आधीच पोचली आहे त्यांनाच ती मिळते, बाकीच्यांत शिक्षण पसरत नाही, असा त्यांचा मुद्दा. मी हे वाचलं तेव्हा पिठाच्या डब्याला टेकवलेला फोन डोळ्यापुढे आला. फुल्यांच्या मनात वेगळी घरं होती. आमचं घर तेव्हा त्या घरांत नव्हतं. आता, निदान मागच्या गल्लीतून बघितलं तर, आहे. गंमत म्हणजे त्याच 1882 मध्ये आमच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्यात छापलं गेलं. त्याही वडिलांनी घरी शिकवलेल्या. घरात शिकवणारं कुणी असणं, यानं किती फरक पडतो!

फॉर्मवर दोघी सारख्याच होत्या. दोघी ग्रामीण, दोघी मुली, दोघी एकाच जिल्हा परिषद शाळेतल्या. कुठल्याही रकान्यात ‘काका सॉफ्टवेअर इंजिनिअर’ असं भरावं लागत नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदा शाळाप्रवेशासाठी मुलांची चाळणी लावायला मनाई करतो, तरी नवोदयची चाळणी चालूच आहे. पण ती काढून चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर मी खुश झालो असतो का? मला चाळणी हवीच होती. मी तिची भोकं ओळखत होतो.

स्विफ्टनं पुढे हॅरी ब्रिगहाऊससोबत आणखी एक लिहिलंय, ज्यावरून बरेच वाद झाले. रात्री मुलांना गोष्टी वाचून दाखवल्यानंही ती मुलं इतरांच्या पुढे जातात. मग ते अन्याय्य आहे का? त्यांचं उत्तर: नाही, कारण गोष्ट सांगणं हे आईबाप आणि मूल यांच्यातलं नातं आहे, तो फायदा ओघानं येतो. महागडी शाळा विकत घेण्याचं तसं नाही. मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो, की माझे व्हिडिओ कॉल म्हणजे गोष्टीच. पुण्यातला काका, गावातली पुतणी, रोजची भेट. आणि सात वाजता ते तसंच होतं. मांजरं काढली जायची, भाकरी करपायची, दोन मुली हसायच्या. नऊला मी ते बदललं. नातं तेच राहिलं, पण त्यातून कुणालातरी बाहेर ठेवलं.

सरांचं वाक्य मी खूप वेळा उलटसुलट केलं. माझं मत आता असं आहे, की मुलगी ही वर्गाची सोय नव्हे. तिनं इतरांना समजावून सांगावं म्हणून तिला थांबवणं, म्हणजे गावाचं देणं दहा वर्षांच्या पोरीच्या खात्यावर टाकणं. शाळा टिकवायची असेल तर ते काम मोठ्यांचं आहे, सरकारचं आणि माझ्यासारख्या स्टोऱ्या टाकणाऱ्यांचं. म्हणून मी दादाला म्हटलं, पाठव. तिलाही जायचं होतं. तिथलं ग्रंथालय आणि मैदान तिनं यूट्यूबवर पाहून ठेवलं होतं. तिनं एवढंच विचारलं, की मैत्रिणीचा नंबर नंतर लागू शकतो का. वेटिंगवर काही मुलांचा लागतो, असं मी तिला सांगितलं. तिचा लागला नाही.

नऊ वाजल्याचं मी दादाला सांगितलं नाही. सात वाजताच शिकवत राहिलो असतो, तर कदाचित दोघी लागल्या असत्या. कदाचित एकही नाही. आम्हाला गुण कळले नाहीत, त्यामुळे पुतणी किती सव्वा गुणांनी आत गेली हेही माहीत नाही. रात्री झोप येत नसली की मी स्वतःला विचारतो, दोघीही राहिल्या असत्या तर चाललं असतं का? चाललं नसतं. हे उत्तर मला जराही विचार न करता येतं, आणि ते मला आवडत नाही.

प्रवेशाच्या वेळी सुट्टी काढून गावी गेलो. मोताळा, नांदुरा करत आम्ही तिला शेगावला सोडून आलो. लोखंडी पेटी, बादली, चपलांचे दोन जोड. परतताना वहिनी नांदुऱ्यापर्यंत एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर चहा पीत बसलो होतो तर मैत्रीण आली. हातात परीक्षेची प्रश्नपत्रिका, घड्या घालून घालून मऊ झालेली. सहा महिने तिनं ती जपून ठेवली होती. "काका, यातलं एक गणित मले अजूनबी नाही सुटलं." मी बघितलं. सोपं होतं, शेकडेवारीचं. मी पेन घेतलं आणि दोन ओळींत करून दाखवलं. तिनं कागद स्वतःकडे ओढला, बराच वेळ त्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पण काऊन?"

दुपारच्या गाडीनं मला पुण्याला निघायचं होतं. ती गाडी गेली.