धवळ्यांची चाल

वऱ्हाडातल्या रिद्धपूरला महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंनी लग्नाची लीळा मांडली, भक्तांनी हौसेने तयारी केली आणि त्या सोहळ्यात महदाइसेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे (लग्नगीतं) गायले. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली ही गोष्ट. साहित्याच्या इतिहासात महदाइसेला आद्य मराठी कवयित्रीचा मान आहे. संगीताच्या इतिहासात मात्र तिचं नाव क्वचितच निघतं, आणि हे मला फार खटकतं.

कारण तिच्या काळी ही दोन दालनं इतकी वेगळी नव्हती. संगीतशास्त्रकार मतंगाने 'बृहद्देशी'त बायका, मुलं, गुराखी आणि राजे आपापल्या मुलखात आवडीने गातात त्यालाच देशी संगीत म्हटलं होतं. ११२९च्या सुमारास चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लासा'त नोंदवलं, की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. मुसळाच्या ठोक्यावर चरण पडतो आणि शेवटच्या आखूड चरणाशी दम घ्यायला जागा मिळते; लय ही अशी हातातून आली. पुढे यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त प्रबंधांच्या, म्हणजे गीतप्रकारांच्या, यादीत ओवी घेतली, मंगल घेतलं आणि धवल म्हणजे धवळाही घेतला.

नंतर ध्रुपद आलं, ख्याल आला, घराणी झाली. भातखंड्यांनी उस्तादांकडच्या बंदिशी जमवून 'क्रमिक पुस्तकमालिके'त छापल्या. ते ऋण मोठंच आहे. पण जात्यावरचं आणि मांडवातलं गाणं शास्त्राच्या बाहेर राहिलं. बैठकीत लोकधून आली तरी ती मैफल संपता संपता, रुचिपालट म्हणून.

हा विचार उलटा फिरवला कुमार गंधर्वांनी. १९४८मध्ये क्षयाने आजारी असताना ते देवासला आले. गाणं बंद होतं, कान उघडे होते. माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकताना त्यांना उमगलं, की धून चार-पाच स्वरांतच फिरते, पण त्या स्वरांचं आपसातलं नातं पक्कं असतं आणि रागाचं बीज तिथेच असतं. मालवती, संजारी हे त्यांचे धुनउगम राग त्यातूनच आले. १९६५च्या 'अनूपरागविलासा'त ते आहेत. बैठकीत लोकधून सजवून पेश करणारे पुष्कळ आहेत. तिच्यातून राग वाढू देणं ही फार अवघड गोष्ट आहे, आणि मला तीच खरी वाटते.

वऱ्हाडात असं काम व्हायचं आहे. पोथ्यांनी धवळ्यांचे शब्द राखले, चाल राखली नाही. तरी हळदीची, मांडवाची गाणी बायकांच्या गळ्यात आहेत. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. तिथे धवळ्यांच्या छंदाबरोबर या चालीही अभ्यासाला घ्याव्यात: म्हाताऱ्या बायांकडून ध्वनिमुद्रित कराव्यात, त्यांचं वजन धवळ्यांच्या चरणांशी ताडून पाहावं आणि एखाद्या ख्यालगायकाने त्या तंबोऱ्यावर घेऊन बसावं. महदाइसेची मूळ चाल त्यातून परत मिळणार नाही. पण वऱ्हाडी लग्नघरातल्या कोणत्या सुरावटीला रागापर्यंत वाढण्याचा जोर आहे, हे गाऊन पाहिल्यावरच कळेल.