एका दिवसाची सहल

राहात्यासारख्या गांवीं राहणाऱ्या कुटुंबास आगगाडीनें एका दिवसांत जाऊन परत येतां येईल असें ऐतिहासिक शहर शोधावयाचें झाल्यास प्रथम नगर सुचतें. १४९० सालीं अहमद निजामशहानें वसविलेल्या या शहराचें नांव २०२४ मध्यें अहिल्यानगर असें झालें; पुष्कळांच्या बोलण्यांत मात्र तें अजून नगरच आहे. १८७८ सालीं सुरू झालेल्या दौंड-मनमाड लोहमार्गावर पुणतांबें येथें गाडी धरावी, राहुरी, वांबोरी मागें टाकीत नगरास उतरावें आणि सायंकाळीं परत फिरावें, इतका हा बेत सोपा दिसतो. परंतु कागद-पेन्सिल घेऊन बसलें म्हणजे त्यांत एक नैतिक प्रश्न आढळतो. अल्प वेळांत पुष्कळ पाहणें योग्य, कीं थोडें पाहून पुष्कळ सोडणें योग्य? रोमहून एका दिवसांत फ्लॉरेन्स पाहून येणाऱ्या प्रवाशापुढेंही हाच प्रश्न असतो.

पहिल्या पक्षाचें म्हणणें सर्वांच्या परिचयाचें आहे. भाडें भरलें, मुलांस सुटी मिळाली; पुन्हा योग केव्हां येईल कोण जाणे! म्हणून किल्ला, फराहबाग आणि पूर्वेकडील डोंगरावरची ती अष्टकोनी इमारत, सर्व एकाच दिवसांत उरकावें. बाजारांत हा हिशेब बरोबर ठरेल. येथें तो बरोबर आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

त्या डोंगरावरील इमारतीचेंच उदाहरण घेऊं. लोक तीस चांदबिबीचा महाल म्हणतात. वस्तुतः ती मूर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. पाव तासांत परतणारा मनुष्य मुलांस सांगतो, ‘येथें चांदबिबी राहत असे,’ आणि तें वाक्य मुलांच्या मनांत जन्मभर राहतें. तेथें निजलेल्या पुरुषाचें नांव घाईपायीं पुसलें जातें. आणि ज्या चांदबिबीस गौरवावयाचें, तिची खरी जागा पाहण्यास वेळ उरत नाहीं. ती जागा म्हणजे किल्ल्याचा तट. १५९५-९६ मध्यें शहाजादा मुराद याच्या वेढ्यांत सुरुंगानें तट फुटला असतां तिनें तो रातोरात पुन्हा उभारविला, असें इतिहासकार सांगतात. त्याच किल्ल्यांत १९४२ पासून नेहरू व त्यांचे सहकारी बंदिवासांत होते. नेहरूंनीं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तेथेंच लिहिलें, आणि मौलाना आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रेंही तेथलींच. एक स्त्री ज्या किल्ल्यांत शत्रूस येऊं देईना, त्याच किल्ल्यांतून साडेतीन शतकांनंतर सत्ताधारी कोणास बाहेर जाऊं देईनात, एवढें मुलांस समजावयास एक दुपार लागते.

यावर कोणी म्हणेल, घरांतील वृद्ध मातेचें पुन्हा येणें कदाचित् होणारच नाहीं, तिचें काय? आक्षेप खरा आहे. परंतु तिच्या थकलेल्या पायांस चार ठिकाणीं ओढून तिला काय मिळतें? चौथ्या ठिकाणीं ती वाहनांतच बसून राहते, आणि आम्ही मात्र तिला सर्व दाखविल्याचें समाधान मानतों. त्यापेक्षां एका तटाजवळ, सावलींत, तिला स्वस्थ बसूं द्यावें, डबा उघडावा, आदल्या रात्रीं वाचलेली हकीकत मुलांनीं तिला सांगावी. बेत करणाराच्या हौसेहून बरोबरच्या दुर्बळ माणसाचें पाऊल मोठें मानावें, हें आम्हांस सहलीचें पहिलें कर्तव्य वाटतें.

म्हणून बेत आंखतांना काय पाहावयाचें याच्या आधीं काय सोडावयाचें तें ठरवावें. किल्ला लष्कराच्या ताब्यांत असल्यानें प्रवेशाची चौकशी आधींच करून ठेवावी. परत आल्यावर शेजाऱ्यांनीं विचारलें, तर ‘नगर पाहिलें’ असें न सांगतां ‘नगरचा किल्ला पाहिला’ एवढेंच मुलांनीं सांगावें. इतकें खरें बोलण्याची संवय लागली, तर उरलेलें नगर पुढच्या सुटीपर्यंत खुशाल थांबेल.